शेरेबुकातली शाळा

शाळा कुणासाठी चालते हे ओळखायचं असेल तर तिचं शेरेबुक उघडावं. हजेरीपट मुलांचा, सेवापुस्तक शिक्षकाचं आणि शेरेबुक साहेबाचं. मुळशी तालुक्यातल्या ज्या द्विशिक्षकी शाळेतून मी निवृत्त झाले, तिथल्या लोखंडी कपाटात जुनी शेरेबुकं जपून ठेवलेली होती. सगळ्यांत जुनं लोकल बोर्डाच्या काळातलं, म्हणजे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्या आधीचं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली. ‘इयत्ता तिसरी पाढ्यांत कच्ची.’ ‘शुद्धलेखन समाधानकारक. आवाज फार.’ ‘मुले दाराबाहेर पाहतात.’

पुढं पुढं साहेबांची अक्षरं बदलली. मोडीच्या वळणाची गेली, बॉलपेनची आली, शिक्के बदलले, ‘दिपोटीसाहेब’ जाऊन विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख आले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. कुठल्याही पानावर, कुठल्याही वर्षी, मुलांनी काय विचारलं याची नोंद नाही. मुलांनी काय सांगितलं, किती सांगितलं, किती चुकलं, एवढंच आहे. ‘आवाज फार’ हा शेरा मला त्यातल्या त्यात आशेचा वाटतो. त्या दिवशी त्या वर्गात निदान काहीतरी चाललं होतं.

हे शेरेबुक मला पुन्हा आठवलं ते खुबवलीच्या टेकडीवर. पौडजवळच्या या टेकडीवर १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. क्रिस्तोफर बेनिंजर या पुण्यात स्थायिक झालेल्या वास्तुरचनाकारानं त्याचा आराखडा केला. काळ्या दगडाच्या भिंती, आणि खाली भातखाचरांचं खोरं. देशोदेशीची सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं इथं दोन वर्षं राहून शिकतात. अशा युनायटेड वर्ल्ड कॉलेजांचं मूळ वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात. कुर्ट हान या जर्मन शिक्षकाच्या कल्पनेतून ते १९६२ साली उभं राहिलं. तेच वर्ष आपल्या जिल्हा परिषदांचं, आणि पुण्यात आप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी काढली तेही. आम्ही खालच्या गावांतले लोक या कॉलेजला नुसतं ‘टेकडीवरचं कॉलेज’ म्हणतो.

तिथली एक विद्यार्थिनी दुभाषी मैत्रिणीला घेऊन आमच्या घरी आली होती. तिला मुळशी सत्याग्रहावर निबंध लिहायचा होता आणि त्यासाठी माझ्या सासूबाईंशी बोलायचं होतं. सासूबाईंच्या आईचं माहेर धरणात गेलेलं. मला वाटलं, ही मुलगी आता विचारणार, सेनापती बापटांना पाहिलं होतं का, सत्याग्रहात काय झालं. शाळेत आम्ही असंच विचारायला शिकवतो. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, “जमीन तुमच्या नावावर होती का?”

सासूबाई म्हणाल्या, “नाव सावकाराचं, नांगर आमचा.”

मुलीनं वहीत लिहून घेतलं आणि गप्प बसली. मग तिचे पुढचे सगळे प्रश्न त्या एका वाक्यातून निघाले. भरपाई कुणाला मिळाली? नांगरणाऱ्याला काय मिळालं? तो गेला कुठं?

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्याच्या पाण्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मुळशी पेट्यातल्या बावन्न गावांवर गंडांतर आलं. १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढं होते, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बायका तुरुंगात गेल्या. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. पण जमिनीचे कागद पाहिले तर पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेलेली होती, आणि सावकारांना धरण थांबवण्यापेक्षा भरपाईचा दर वाढवण्यात जास्त रस होता. लढा आतून सुटत गेला तो या ठिकाणी. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात हे नीट उलगडून दाखवलं आहे. १९२४च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालं. १९२७ साली घाटाखालचं भिरा वीजघर सुरू झालं.

त्या मुलीला हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. सासूबाईंच्या एका वाक्यावरून ती कागदांपर्यंत गेली. नंतर तिनं मला टेकडीवर बोलावलं. एका वर्गात मी मागं बसले. बराच वेळ मला शिक्षक कोण तेच कळेना, कारण बोलत होती ती मुलंच. वाद चालला होता तो एखादी गोष्ट आपल्याला ‘माहीत आहे’ असं आपण केव्हा म्हणू शकतो यावर. तास संपल्यावर मी तिथल्या शिक्षिकेला सवयीनं विचारलं, “तुमच्याकडे शेरेबुक असतं का?” मैत्रिणीनं भाषांतर केलं, तरी त्या बाईंना कळेना मी काय विचारते आहे.

मग मी त्यांच्या परीक्षेची चौकशी केली. ती शिक्षकाची खोड. तिथं जो अभ्यासक्रम आहे, इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट नावाचा, तो १९६८ साली जिनिव्हात सुरू झाला. सहा विषय, शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच निवडलेल्या प्रश्नावर जास्तीत जास्त चार हजार शब्दांचा निबंध. प्रश्न शिक्षक देत नाही. शिक्षक फक्त सोबत करतो, आणि निबंध तपासायला बाहेर जातो. या निबंधाला आणि ज्ञानमीमांसेच्या त्या तासाला मिळून एकूण ४५ गुणांपैकी फार तर ३. पण निबंधात अगदी तळाची श्रेणी आली तर पदविकाच मिळत नाही.

मला इमारतीचा हेवा वाटला नाही, आमच्या शाळेपुढचं जांभळीचं झाड त्याहून चांगलं आहे. शिक्षकांचा वाटला नाही. तसे शिक्षक मी वाड्यावस्त्यांवर पाहिले आहेत. फी आमच्या कुवतीपलीकडची, पण शिष्यवृत्त्याही आहेत. हेवा वाटला तो या एका नियमाचा. परीक्षेनंच मुलाला सांगितलं आहे की प्रश्न तुझा हवा, नाहीतर तू नापास.

माझ्या वर्गातही एक प्रश्न असा आला होता. चौथीला नद्या शिकवत होते. मुळा पूर्वेला वाहते, पुण्यात मुठेला मिळते, पुढं भीमा, पुढं कृष्णा. धनगरवाड्यावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, पण धरणातलं पाणी उलटं जातं. माझा मामा कोकणातनं सांगतो, आमच्या नदीत तुमचं पाणी येतं.” बरोबरच होतं. मुळशीचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं, घाटाखाली भिऱ्याला कोसळतं, वीज करतं आणि कुंडलिकेला मिळतं. कोलाडला शहरी लोक रबरी होड्यांत बसून जे उसळतं पाणी अंगावर घेतात ते हेच सोडलेलं पाणी. देशावरचं पाणी कोकणात जातं आणि ते कुणी पाटानं नेलेलं नाही.

सगळा आठवडा वर्ग त्याच्यामागं लागला. मातीचा डोंगर केला, पपईच्या देठाचा बोगदा केला. पाणी जायचं त्या बाजूला जाईना, कारण मुलांनी दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या केल्या होत्या. मग कोकण खाली आहे हे त्यांचं त्यांनाच कळलं, नकाशातला रंग न सांगता. पाऊस कोकणात जास्त, मग त्यांना आमचं पाणी कशाला, हा प्रश्न एका मुलीनं काढला. त्यावर उत्तर, पाणी त्यांना नकोच होतं, त्याचा धबधबा मुंबईला हवा होता, असं दुसऱ्यानं शोधलं. मी एवढंच केलं की टाचणवहीत त्या आठवड्याला ‘भूगोल, उजळणी’ असं लिहून ठेवलं.

सत्रपरीक्षेला पेपर केंद्रावरून छापून आले. ‘धरणाचे उपयोग लिहा. (गुण ३)’. धनगरवाड्यावरच्या मुलानं लिहिलं : ‘मुंबईला वीज. कोकणाला पाणी. आमच्या आजीला काही नाही.’ पेपर दुसऱ्या शाळेच्या गुरुजींनी तपासले. त्यांनी पहिल्याला एक गुण दिला, दुसऱ्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि तिसरं वाक्य खोडलं. उत्तरपत्रिकेत ‘सिंचन’ हा शब्द नव्हता. मुळशीचं धरण सिंचनासाठी बांधलेलं नाही, पण नमुना उत्तरात ते होतं. गुरुजींचा दोष नाही. त्यांच्यापुढं नमुना उत्तर होतं आणि वेळ संध्याकाळची.

म्हणून मी मुलांच्या प्रश्नावर चालणाऱ्या शाळांचा इतिहास थोडा वेगळा वाचते. अशी शाळा ही परदेशी, श्रीमंत, आजची कल्पना आहे असं आमच्याकडे सगळे समजतात. ती आपल्याकडे जुनी आहे, गरिबांच्या मुलांत झालेली आहे, आणि दर वेळी ती एकाच जागी, परीक्षेपाशी, येऊन अडली आहे.

त्या जागेचाही इतिहास आहे. इंग्रज येण्याआधीच्या पंतोजींच्या शाळांना नावं ठेवायची आपल्याला सवय. धूळपाटी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, आणि छडी. तिथं प्रश्न विचारायला जागा नव्हतीच. पण पंतोजीचं पोट गावावर होतं. मुलाला हिशेब येतो का हे बाप दुकानात बघत असे. एकोणिसाव्या शतकात सरकारी अनुदान आलं. इंग्लंडात १८६२ साली निकालाप्रमाणे पैसे देण्याची पद्धत निघाली होती. तपासनीस येणार, प्रत्येक मुलाची परीक्षा घेणार, जितकी पास तितकं अनुदान. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही ती लागू झाली. त्या दिवसापासून गावाच्या शाळेत सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे बाहेरून येणारा. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण आणि अभ्यासक्रमात शेतीची माहिती मागितली. सक्ती यायला वेळ लागला. शेतीचा धडा मात्र लवकर आला, आणि तो पाठ करायचा होता.

मग विसाव्या शतकात गुजरातेत गिजुभाई बधेका. त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मी डी.एड.ला असताना चोरून वाचलं होतं, कारण ते अभ्यासाला नव्हतं. त्यातला शिक्षक चौथीचा एक वर्ग मागून घेतो आणि गोष्टी, खेळ, भटकंती यांतून शिकवतो. स्वप्नातल्या शाळेलासुद्धा वर्षअखेरच्या परीक्षेची अट घातली आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात राहिलं.

गिजुभाईंच्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२३ साली ताराबाई मोडक गेल्या. मुंबई विद्यापीठाच्या १९१४च्या पदवीधर, प्रार्थना समाजाच्या घरातल्या, राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख राहिलेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. माँटेसोरीची साधनं लाकडाची, घासून गुळगुळीत केलेली, महाग. शहरात ती चालली. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि तिथं त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताई आमच्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या, १९१० सालच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. पुढचं शिक्षण त्यांनी हट्टानं केलं.

बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे केलं त्यात मला सगळ्यांत मोठं वाटतं ते साधनांचं उलटं करणं. मण्यांच्या माळांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं. वारली मुलांना ही साधनं ओळखायला शिकवावी लागत नव्हती; त्यांनीच बाईंना कुठली बी कुठल्या झाडाची ते सांगितलं असणार. मुलं वस्तीतून शाळेत येईनात, तर शाळा वस्तीच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून येईनात, तर शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा. मी माझ्या वाडीवर भातलावणीच्या दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करत बसायचे तेव्हा मला कुरणशाळेची फार आठवण यायची. जुलै महिन्यात आमची निम्मी शाळा खाचरात असते. कुणी वर्ग बांधावर नेला असता तर गणित तिथंच होतं. एका खाचराला किती मूठ रोप, दोन रोपांत किती वीत अंतर, पाऊस ओढला तर किती दिवस तग धरेल. पण वर्ग बांधावर नेला तर हजेरी कुठल्या रकान्यात लिहायची?

कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका अंगणात आणली गेली, तिला विकासवाडी म्हणत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२पर्यंत होत्या. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशभरात वाड्यावस्त्यांवर अंगणवाड्या आहेत. आमच्या अंगणवाडीच्या ताई वजनकाटा, पोषण आहार, लसीकरण, मोबाइलवरची नोंद यांत दिवसभर बुडालेल्या असतात. ही कामं हवीच आहेत, मुलं त्यानं जगतात. पण शिंपले कुणी गोळा करत नाही, कारण शिंपल्यांचा रकाना नाही.

वर्ध्याची नई तालीम मी लवकर उरकते. तिच्याबद्दल भरपूर लिहिलेलं आहे आणि बहुतेक पुष्पांजली वाहणारं. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला, सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्यानं तो उभा केला. हातानं काम करता करता प्रश्न पडावेत आणि त्यातून गणित, विज्ञान, समाज शिकावं, ही कल्पना. सेवाग्रामच्या बाहेर सरकारी शाळांत ती पोचली तोवर टकळीच उरली होती. मुलं सूत काढत, सुतावरून प्रश्न काढत नसत. आणि उत्तर बुनियादी शिकून आलेल्या मुलाला पुढं कॉलेजचं दार सहज उघडत नव्हतं, त्यामुळं बापानं त्याला मॅट्रिकच्या शाळेत घातलं. बाप चुकला असं मी म्हणणार नाही. कोठारी आयोगानं १९६६ साली ‘कार्यानुभव’ सुचवला, तो आमच्या वेळापत्रकात शनिवारी शेवटच्या तासाला येऊन बसला. त्या तासाला मुलं कागदाची फुलं करतात आणि बाई पोषण आहाराची नोंदवही पुरी करतात.

मला जास्त सांगायचं आहे ते पाबळचं. शिरूर तालुक्यातलं पाबळ मुळशीच्या अगदी उलट. आमच्याकडे पावसानं भिंती हिरव्या होतात, तिथं विहिरीला पाणी लागेल का हीच काळजी. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग तिथं गेले. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी, ती सोडून. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या अंतर्गत त्यांनी विज्ञान आश्रम काढला. दहावीच्या अलीकडे-पलीकडे शाळा सुटलेली मुलं त्यांनी घेतली. चार विभाग होते. यंत्रशाळा, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. मुलांनी जे करायचं ते गावाला लागणारं, पैसे देऊन कुणीतरी विकत घेईल असं. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा रोध मोजायचा आणि विहीर कुठं खणावी ते शेतकऱ्याला सांगायचं, हे काम तिथं मुलं करत. पाणी लागलं नाही तर शेतकरी येऊन विचारणार, का नाही लागलं? या प्रश्नाला नमुना उत्तर नसतं. लोखंडी सांगाड्याचे घुमट मुलांनी बांधले. लातूरच्या भूकंपानंतर, १९९३ साली, तसे घुमट उपयोगी आले. जुन्या जीपच्या भागांतून छोटा ट्रॅक्टर केला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीची देशाबाहेरची पहिली फॅब लॅब आली ती याच पाबळला.

पाबळ टिकलं, आणि ते का टिकलं हे मी पुन्हा परीक्षेवरच आणते. कलबागांनी भावनेवर सोडलं नाही. तिथल्या शिक्षणाला मुक्त विद्यालयाच्या पदविकेची मान्यता मिळवली आणि ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय माध्यमिक शाळांत नेऊन त्याला दहावीला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता मिळवली. ज्या शाळेत तो विषय आहे तिथं मुलं वेल्डिंग करतात, आणि मुख्याध्यापक त्यांना अडवत नाहीत, कारण निकालपत्रात रकाना आहे. शिक्षणावर बोलणाऱ्या थोर माणसांत अशी व्यवहारी बुद्धी मी फार थोड्यांकडे पाहिली.

तोच व्यवहार सगळ्यांत धीटपणे केला मध्य प्रदेशातल्या होशंगाबादनं. १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली, पुढं १९८२ साली निघालेल्या एकलव्य संस्थेनं ते काम वाढवलं. मुलं प्रश्न लिहून ‘सवालीराम’ या नावानं पत्र टाकत आणि त्यांना उत्तर येई. कल्पना करा, सातवीतल्या मुलाच्या नावानं पोस्टमन शाळेत येतो! पण माझ्या मते सवालीरामपेक्षा मोठी गोष्ट होती परीक्षा. आठवीच्या बोर्डाला विज्ञानाचा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचा आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुस्तक उघडं असताना नमुना उत्तर विचारता येत नाही. याच होशंगाबादला १९७८ साली टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता गेले आणि आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब यांतून खेळणी करायला लागले; पुढं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांची खेळणी आमच्या मुलांनी हातात घेतली. २००२ साली मध्य प्रदेश सरकारनं होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. खेळणी राहिली, पेपर गेला.

महाराष्ट्रात पुण्याची अक्षरनंदन, कोल्हापूरची लीलाताई पाटलांची सृजन आनंद, फलटणचं कमला निंबकर बालभवन या शाळा या काळात उभ्या राहिल्या आणि चांगलं काम करत राहिल्या. त्यांच्यावर इतरांनी लिहिलेलं आहे. मी सरकारी शाळेतली, मला आमच्या घरात काय झालं ते सांगायला हवं. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी बाईंनी जिल्हा परिषदेच्या चाळीसेक शाळांत ज्ञानरचनावाद खरोखर करून दाखवला. विस्तार अधिकारी, म्हणजे शेरेबुकात शेरा लिहिणारी व्यक्ती! तीच बदलली तेव्हा वर्ग बदलले, हे मला फार बोलकं वाटतं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून कुमठ्याला जाऊ लागल्या. मीही एका गाडीत होते. मुलं जमिनीवर गटागटानं बसलेली, दगडगोट्यांनी दशक मोजणारी, आलेल्या पाहुण्यांकडे ढुंकूनही न बघणारी.

२२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. वर्षभरात तालुक्यातल्या शाळांच्या फरश्या रंगल्या. संख्यारेषा, सापशिडी, बाराखडीचा गोल. रंगाऱ्यांना इतकं काम मिळालं की एक जण ‘ज्ञानरचनावादी फरशी’ चौरस फुटाच्या भावानं करून देऊ लागला. आणि त्याच निर्णयाबरोबर आल्या पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, सगळ्या छापील, राज्यात एकाच दिवशी. मुलं फरशीवर बसून छापील पेपर लिहीत होती. ढकलगाडी बंद करायची म्हणून पुढं पाचवी आणि आठवीला नापास करणारी वार्षिक परीक्षाही परत आली. माझा तिला विरोध नाही. परीक्षा नको म्हणणाऱ्यांची पोरं कुठं शिकतात ते मी पाहिलेलं आहे. गरिबाच्या मुलाला कागद लागतो. मला फक्त पेपर काढणारा माणूस भेटायला हवा आहे. निवृत्तीआधी शेवटच्या शिक्षण परिषदेत मी उठून एवढंच मागितलं होतं, की केंद्राच्या प्रत्येक पेपरात शेवटचा प्रश्न असा असावा : या धड्यावर तुला पडलेला एक प्रश्न लिही, आणि त्याचं उत्तर कुणाकडे मिळेल ते लिही. दोन गुण. केंद्रप्रमुख भले होते. त्यांनी विचारलं, “बाई, याचं नमुना उत्तर काय द्यायचं?” सभागृहात सगळे हसले, मीही हसले. ठराव इतिवृत्तात आला नाही.

टेकडीवरच्या मुलीचा निबंध तपासायला गेला. आमच्या भाषेत तो वाचता येणार नाही, पण तिनं शेवटी दिलेल्या यादीत व्होरांचं पुस्तक आहे, गॅझेटियर आहे आणि सासूबाई आहेत. सासूबाईंनी विचारलं, “किती मार्क पडले?” मी म्हटलं, अजून कळायचं आहे.

आमच्या नवीन मूल्यमापनात ‘प्रकल्प’ आहे आणि त्याला गुणही आहेत. गेल्या दिवाळीआधी नातवाबरोबर पौडच्या बाजारपेठेत स्टेशनरीच्या दुकानात गेले होते. दोरीला चिमट्यांनी तयार तक्ते लटकवलेले. आपले सण, पाण्याचे चक्र, थोर समाजसुधारक, धरणे. कापायची चित्रं एका पाकिटात, चिकटवायचा मजकूर दुसऱ्यात, वर प्लास्टिकचं कव्हर आणि ‘माझा प्रकल्प’ असं आधीच छापलेलं पहिलं पान. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. नातवाला काय हवं ते त्यानं विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, किती मार्कांचा आहे? पाचाचा असेल तर हा बास. दहाचा असेल तर त्याच्यात थर्माकोल येतो.”